ठावं न्हाय म्हणायला जीभ झडती काय?

…आणि वर हसती हो ती दवाखान्यातली पोरगी! गोड! माणसाची भण आत आपरेशनच्या टेबलावर पडलीया, आणि ही काचंमागनं केरबाला सांगती, ‘सर, आय हॅव नो आयडिया!’ आता तुम्हीच सांगा पावणं, कोडोलीचा माणूस, हातात टोपी चुरगाळत उभा, त्यानं ह्यावर करायचं काय? टाळ्या वाजवायच्या?

तुम्हाला सांगतो, आक्का म्हणजे त्याची थोरली भण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवला, बडवला, माणसात आणला. पित्ताच्या पिशवीत खडं निघालं, म्हणून कोल्हापूरच्या दवाखान्यात आणली. सकाळी नवाला आत नेली. डॉक्टर म्हणालते, तासाभराचं काम हाय. बारा वाजलं, एक वाजला, दार काय उघडंना! केरबा काचंपशी गेला, तर तिचं ते ‘नो आयडिया’! शेजारच्या बाकड्यावरच्या बाईला इचारलं, ‘काय म्हणाली ओ ती?’ बाई म्हणाली, ‘तिला म्हाईत न्हाय म्हणं.’ आं? मग चार शब्द कशाला खर्च केलं? ठावं न्हाय म्हणायला जीभ झडती काय?

तवर एक शिकाऊ डॉक्टर आला, मोबाइलात तोंड घालून. ‘डाक्टरसाहेब, आक्का कशी हाय?’ ‘अं… नॉट शुअर.’ आणि गेला की! दुसऱ्यानं नुसतं खांदं उडवलं, ‘नो क्लू!’ तिसरा टायवाला, लई नम्र! ‘आय विल गेट बॅक टू यू, काका.’ बाई म्हणाली, ‘इचारून सांगतो म्हणाला.’ झालं! शब्द दिला न्हवं त्यानं? केरबा त्याच फरशीवर हुबा. चहाला न्हाय, मुतायला न्हाय… तो आला आणि आपण जाग्यावर नसलो तर? पाऊण तास! आणि तो टायवाला डबा खाऊन, हात धुऊन, ह्येच्याच नाकासमोरनं दोनदा गेला! आरं, आमच्यात कुणी कळंब्याची वाट इचारली तर आम्ही गाडी वळवून दारात सोडून येतोय. आणि ह्यास्नी दहा पावलांवरचं दार उघडून बघवंना! ठावं न्हाय म्हणायला जीभ झडती काय?

मग फुटला की केरबा! ‘ए! घाला चुलीत ती इंग्लिश! माझी भण जित्ती हाय का न्हाय, एवढं एका तोंडानं सांगा!’ कोपऱ्यात फरशी पुसणारी मदिनामावशी तेवढी उठली. ‘मला बी ठावं न्हाय, भाऊ. थांबा, बघून येतो.’ बघून येतो! एवढ्यासाठी माणूस सकाळपास्नं मरत होता हो! दोन मिनिटांत मावशी माघारी. ‘शुद्धीवर आलीया. तुमच्या नावानं शंख करायलीया. जावा आत.’

केरबा रडतच पळाला. आक्का पांढरीफट, नाकात नळी, ओठ हलायल्यात. ह्येनं कान लावला.

‘केऱ्या… म्हशीची धार कुणी काढली?’

मेला! सकाळच्या गडबडीत म्हस ध्यानातच न्हाय! कुणी काढली, काढली का न्हाय, देवाला ठावं! म्हणायचं की सरळ, दोनच शब्द! तर हा बहाद्दर टोपी नीट करून म्हणतोय कसा, ‘शेजारच्या हंबीररावानं काढली की! सा लिटर!’

सा लिटर! मापासकट! बोला आता, कुणाला नावं ठेवायची?