डिकीवरची लाल शेपटी

पंच्याण्णव साल, मी बावन्न वर्षांचा. आमचं घर हैद्राबादेत, जामबागेतलं, घरात सगळे मास्तर नाहीतर वकील, एकटा मीच चौथीतून उठलो आन् नामपल्लीला उस्तादच्या हाताखाली डेंटिंगला लागलो. ठोकर बसलेली गाडी आली की पत्रा ठोकून सरळ करायचा, पुट्टी भरायची, घासायचं, रंग मारायचा. काय सांगू तुम्हाला, जन्मभर एकच काम, जसं होतं तसं करून देणं. आन् काम चांगलं झालं म्हणजे काय, तर इथं कुणाचा हात लागलाय हे कळूच नये.

मग बाजारात नव्या नव्या गाड्या यायला लागल्या आन् जवान पोरं माझ्या दुकानात येऊन म्हणायची, चाचा, पीछे दुम लगा दो. रेसच्या गाडीचा फोटो दाखवायची, तिच्या डिकीवर आडवी उभारलेली पट्टी असते ना, तीच ही दुम, शेपटी. मी पत्रा कापून, वाकवून बसवून द्यायचो. मलाच त्याचा नाद लागला. माझ्या स्वतःच्या जुन्या काळ्या गाडीला एक केली, लाल, रुंद, दोन्ही टोकं वर उचललेली. त्या डिकीवर आधी काही नव्हतं, ते मी आणलं. समजलं का?

तेवढ्यात नलूचं लग्न ठरलं. माझी एकुलती एक पोरगी, शाळेत शिकवायची. मी सांगून टाकलं, पाठवणी माझ्या गाडीतून, चालवणार मी. आमचे दादा, थोरले भाऊ, वकील, ते म्हणाले, अरे ती शेपटी तरी काढ, लोक हसतील, पोरीला सासरी ऐकावं लागेल. मी म्हणलं नक्को, काढत नाही म्हणजे नाही. तर दादांनी मला न विचारता एक पांढरी गाडी भाड्यानं सांगितली.

लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या दारात दोन्ही गाड्या शेजारी शेजारी. व्याही दिलसुखनगरचे, इंजिनिअर, माणूस गोड. शेपटीवर टिचकी मारून म्हणाले, काय हो, हिच्यानं गाडी जोरात पळते का? मग त्यांनीच समजावलं, की गाडी लई वेगात असली तर वारा हिच्यावर दाब देतो, मागची चाकं रस्ता सोडत नाहीत, पण आपल्या गर्दीत काही उपयोग नाही. मी म्हणलं बरोबर आहे साहेब, काही उपयोग नाही, मी कवा म्हणलं आहे म्हणून? तुमच्या पोराला मुंडावळ्या बांधल्यात, त्यानं तो जोरात पळतो का? बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दादा मात्र तापले. तमाशा पुरे, म्हणाले, नलू, पांढऱ्या गाडीत बस.

खरं सांगतो, तोंडानं मी अकडत होतो, पण नजर त्या पांढऱ्या गाडीच्या दारावर होती. पोरगी तिकडं बसली असती तर मी काय करणार होतो? बापाची लाज वाटली तर तिला कुठल्या तोंडानं बोलणार?

नलू शालू सावरत आली, दोन्ही गाड्या बघितल्या, माझ्या गाडीचं दार उघडलं आन् म्हणाली, बाबा, चला. हळू चालवा पण, उडाली बिडाली तर तुमचे जावई घाबरतील.

चालवली मी, रस्त्याच्या मधोमध, बैलगाडीच्या चालीनं, सगळ्या हैद्राबादला दिसावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता दुकान उघडलं, पाटी खाली उतरवली, जुनी अक्षरं घासून काढली आन् लाल रंगात माझ्या हातानं लिहिलं, इथं शोभेची कामं होतात, उपयोग विचारू नये.