आख्खा कंद

"पाय आवर की गं बाई, कुंडी कलंडंल माझी!"

महाळुंग्याहून निघालेल्या बसमध्ये शेजारच्या शालनबाई करवादल्या. शिफ्ट संपवून निघालेल्या वर्षालीनं पाय आवरले. कान मात्र आवरले नाहीत.

"वैनी, आख्खा कंद काढला ना?" मागच्या सीटवरून त्यांच्या दिरानं, रोहिदासनं विचारलं.

"व्हय. सासूबाई खायाला काढला तरी अर्धा माघारी पुरायच्या, फुडल्या साली वेल यावा म्हनून."

"आता पुरून काय करता? कंपनी घेतीय आपला माळ."

"फुलावर आली हुती, भावजी. कंदिलावानी फुलं."

"मग फुलंल की तुमच्या लेकीच्या, दिव्याच्या बाल्कनीत. पिंपळे गुरवात काय ऊन न्हाई?"

"कुंडीत कवा कुनाची जगलीय?"

वर्षालीला राहवेना. "कसलं झाड आहे, मावशी?"

"खरपुडी," रोहिदासच बोलला. "लई दुर्मिळ हाय, ताई. उद्या सायेब लोक येनारेत माळावर, असली झाडं हायेत का बघाया. आमी आपली जगवायला नेतोय."

शालनबाईंनी कुंडीवर पदर ओढला.

"जगवायला न्हाई, पोरी. उद्या त्यास्नी सापडली तर सौदा मोडंल, म्हनून उपटलीय."