मे फ्लॉवरचं हिवाळी फूल

तुम्ही हसाल, पण ऐका. बारडोलीच्या विहीणबाईंनी मला मे फ्लॉवरचा कंद दिला होता. गोडादऱ्याच्या आमच्या बाल्कनीत उन्हाळ्यात त्याला चेंडूएवढं लाल फूल आलं. हिवाळ्यात मात्र पानं वाळून गेली आणि कुंडीत नुसती माती उरली. नेमका तेव्हाच विहीणबाईंचा येत असल्याचा फोन आला. आपण कंद मारला असं त्यांना वाटेल, या धास्तीने मी बाजारातून कापडी लाल फूल आणून मातीत खोचलं.

विहीणबाई आल्या त्या थेट बाल्कनीत.

"व्याही, मे महिन्याचं फूल जानेवारीत?"

"यांच्या काळजीच्या उबेनं उमललं," बायको म्हणाली.

विहीणबाईंनी बोटाने माती उकरली. खाली कंद चांगला टणक होता.

"मेला नाही, झोपलाय," त्या म्हणाल्या. "तुम्हीही जरा झोपत जा."