पायांची आग

...आणि चपाती! चपाती कुणी औषध म्हणून खातं का हो? आमच्या कारैक्कुडीत खातात! शुगर निघाली की रात्रीचा भात बंद, चपाती चालू, घरोघरी हेच. पण आमचे हे, सेवुगन चेट्टियार, ह्यांनी काय करावं? आधी रोजच्यासारखा सांबारभात, मग रसमभात, मग ताकभात, आणि पानावरून उठायच्या आत मला हाक, "मेय्यम्मै, आण आता चपात्या!" मी म्हटलं, अहो, भाताच्या ऐवजी खायच्या त्या! तर म्हणतात कसे, "औषध जेवल्यावरच घेतात." घ्या! आणि वर मलाच समजावणार, "घाबरतेस काय? शुगर आहे, वाघ नव्हे!"

तुम्हाला सांगते, हे सगळं टळलं असतं. देवळामागे तपासणीचं शिबिर होतं, तिथली नर्स बिचारी तेव्हाच म्हणाली होती, "अप्पा, अजून काठावर आहात. भात निम्मा करा, रोज चाला, मागे फिरेल ती." ह्यांनी छाती फुगवली. "मला चालायला सांगतेस? मी मुरुगनच्या दर्शनाला पळणीला पायी जातो, पायी!" जातात हो... पण वर्षातून एकदा! तैपूसमच्या यात्रेला! बाकी वर्षभर दुकानाची गादी आणि हे. गादी झिजली, माणूस नाही झिजला. ती पोर पुढे काही बोलणार, तोवर हे उठून चालूसुद्धा लागले... "शुगर आहे, वाघ नव्हे!"

मग पाय जळायला लागले. नुसती आग! ओली फडकी गुंडाळून बसायचे, कळवळायचे, बघवायचं नाही मला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, त्या ह्यांच्या मर्जीने... बरं वाटलं की बंद. शेवटी मुरुगनला नवस बोलले. "देवा, एवढी आग विझव, जन्मभर पायात चप्पल घालणार नाही." यात्रेत तर सगळेच अनवाणी असतात, ह्यांनी बाराही महिने सोडली! घरात, दुकानात, बाजारात... उन्हात रस्ता तापलेला असो नाहीतर खिळे पडलेले असोत!

आणि काय सांगू, आग विझली हो! खरंच विझली! हे नाचायचेच बाकी होते. गल्लीभर पायसम वाटलं. मीही वाटलं, खोटं कशाला बोलू? हात जोडले, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. डॉक्टरीणबाईंना सांगायला गेलो, तर त्यांनी तळव्याला सुई टोचली. "कळतंय?" "नाही!" "आता?" "काहीच नाही!" हे असे खूश, जसे परीक्षेत पहिले आले! तिकडे बाईंचा चेहरा उतरत चाललाय, इकडे ह्यांचा फुलत चाललाय! बाई म्हणाल्या, "आग थांबली नाही, तुमच्या पायातली जाणीवच गेलीय. घरातसुद्धा चप्पल घाला. रोज तळवे बघा." बाहेर आल्यावर हे मला म्हणतात, "देवाने केलेलं हिला कुठून कळणार?" मी समजावलं, भांडले, अबोला धरला. चप्पल पायाशी नेऊन ठेवली. ओलांडून गेले!

तैपूसमची यात्रा करून आले. मी दारात. बघते तर फरशीवर लाल ठसे, दारापासून थेट देवघरापर्यंत! म्हटलं, अहो, हे काय? "कुंकू सांडलं असेल तुझं." कुंकू! तळव्यात हा एवढा काचेचा तुकडा, आणि माणूस हसतोय! कुठे रुतला, कधी रुतला, काही पत्ता नाही. तेवढ्यात आमच्या वन्सं आल्या, उण्णामलै. भावाचा पाय बघायचा सोडून पळणीहून आणलेल्या पंचामृताचा डबा उघडून बसल्या! गूळ, केळी, तूप, खडीसाखर... मी ओरडले, तर म्हणतात, "वहिनी, देवाच्या प्रसादाने कधी शुगर वाढते का?" आणि भाऊ बोटं चाटत, "बघ ना! शुगर आहे, वाघ नव्हे!"

जखम लपवली माझ्यापासून. पट्टी बांधून हिंडत राहिले. दुखत नव्हतं ना! दुखलं असतं तर ओरडले असते, मी धावले असते, वेळेवर नेलं असतं... वास आला तेव्हा मला कळलं. मदुरैला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि खुर्ची पुढे सरकवली. मी समजले. घोट्याच्या वरून कापला हो पाय. उजवा.

आता? आता घरी आहेत. निम्मा भात वाढला तर निम्माच खातात, दुसऱ्यांदा मागत नाहीत. वाईट वाटतं मला. भांडायचे तेच बरे होते. आणि एक नवीनच सुरू झालंय बघा. दुपारी पडले की कळवळतात... पाय जळतोय म्हणतात. कुठला? तर उजवा! होता तेव्हा काच रुतली तरी कळत नव्हतं, आणि आता नाही तर जळतोय! डॉक्टरीणबाई म्हणतात, होतं असं, कापलेलाही दुखतो. मला म्हणतात, "मेय्यम्मै, जरा दाबतेस का?" काय दाबू, सांगा! मी आपली पायथ्याशी बसते, आणि जिथे पाय असायचा तिथली चादर दाबते. तर म्हणतात, "जरा जोरात."