ट्रेवरचं झाकण

...नाही, पण झाकण कशाला, हे कुणीच विचारायचं नाही का? तुम्हाला सांगतो, लालबागला आमच्या चाळीत गॅलरीच्या छताखालून केबलचा ट्रे जातो, जाळीचा, हवा खेळावी म्हणून मुद्दाम जाळीचा, आणि कमिटीचे अध्यक्ष अप्पा एक दिवस त्यावर चकचकीत पत्रा ठोकून घेतात. चाळ नीटनेटकी दिसते म्हणे. ज्या माणसाने जन्मात स्वतःच्या दारातली बादली उचलली नाही, त्याला एकदम नीटनेटकेपणा? मला तेव्हाच संशय आला.

त्यात यंदा घरोघर एसी. ज्याने त्याने मीटरपासून आपापली केबल ओढली आणि कोंबली त्याच ट्रेमध्ये, एकीवर एक, वरून पट्ट्यांनी करकचून आवळली. आणि त्याच ट्रेखाली, बरोब्बर खाली, आमची आई दुपारी खाट टाकून पडते. आमच्याकडे एसी नाही ना. म्हटलं, खाट सरकव. तर म्हणे, इथेच जरा झुळूक लागते.

गेलो अप्पांकडे. शेजारी शामराव, बँकेतून रिटायर, हातात केबल कंपनीचं पत्रक. ''छापलंय बघ, चोवीस अँपिअर. एसी, गिझर, शेगडी धरून घराला लागतात अठरा. झालं की.''

काय झालं की? ते चोवीस एकट्या केबलचं, मोकळ्या हवेतलं. तुम्ही गोधडीत एकटे झोपता आणि सगळं गणगोत घेऊन झोपता, यात फरक आहे की नाही? प्रत्येक केबल तापते, शेजारणीला तापवते, वर पत्रा, ऊब जाणार कुठे? किती केबली चिकटल्यात, हवा किती, उन्हाळा कसला, हे बघून तो आकडा कापायचा असतो. आमच्या ट्रेमध्ये निम्माही उरत नाही. मग अठरा कुठे बसवता?

अप्पा म्हणाले, ''तुका काय कळता? डिप्लोमा अर्धो सोडलंस ना?''

सोडला. पण हा धडा झाल्यावर सोडला.

आणि हे म्हातारे पत्र्याचं नाव काढलं की छताकडे बघायचे. संशय येणार नाही तर काय? मेन बंद केला, स्टुलावर चढलो, पत्रा उचकटला... खाली अप्पा. एक नाही, थरावर थर. वाढदिवसाचे सगळ्या वर्षांचे फ्लेक्स, हात जोडलेले, गॉगल घातलेले, केबलींवर पांघरूण घातल्यासारखे. शेवटचे अप्पा तर तापून सुरकुतलेले. त्यांच्या खालच्या केबलीत नख रुतलं, इतकी मऊ.

तोवर एसी बंद पडले म्हणून अख्खी चाळ गॅलरीत. अप्पा सगळ्यांसमोर म्हणतात, ''स्वतःचा तोंड कचऱ्यात टाकूचा काय?''

शामरावांनी केबलीला बोट लावलं आणि पत्रकासकट मागे सरले. तिथेच मीटिंग. फ्लेक्स निघाले, पत्रा निघाला, मी म्हटलं आता पट्ट्या सोडा, केबली सुट्या करा, आणि निम्मे एसी आळीपाळीने बंद ठेवा. तर याच्याकडे बीपी, त्याच्याकडे तान्हं बाळ, तिच्याकडे सासू. बंद कुणीच करेना. संशय होताच मला.

शेवटी एकमताने ठराव झाला. ट्रे गरम होतो ना, मग ट्रेला पंखा लावायचा. लावला. त्याची वायरसुद्धा ट्रेमधूनच नेली, नीटनेटकी.

आता आई दुपारभर त्याच्याच वाऱ्यात ट्रेखाली पडते. मला म्हणते, ''बघ, अप्पांना किती काळजी माझी. तू नुसता भांडतोस.''