मोरूकाकांचा सभात्याग आणि खालच्या आळीचा नळ

मंडळी,

सगळे आलात. शेडमध्ये जागा पुरली नाही म्हणून काहीजण उलट्या क्रेटवर बसलेत. बाबूशेठ तर स्वतःच्याच बोटीच्या दोरखंडावर बसलेत. सरपंचभाऊही आलेत. ते मागे उभे आहेत, त्यांना कोणीतरी खुर्ची द्या. आज इथे कोणाचा कोणावर राग नाही. म्हणजे थोडा आहे, पण खुर्ची न देण्याइतका नाही.

बोलणं कठीण आहे. एक तर मी नववीपर्यंत शिकलेला, त्यातही नववीत दोनदा बसलेला. आणि दुसरं म्हणजे मोरूकाका गेले हे अजून डोक्यात शिरत नाही. परवा त्यांचं दहावं झालं, मी स्वतः किनाऱ्यावर उभा होतो, तरी आत्ता माईक हातात घेतल्यावर पहिल्यांदा उजवीकडे बघितलं. या शेडमध्ये कोणीही तोंड उघडलं की उजवीकडून आवाज यायचा, "हरकतीचा मुद्दा आहे!" आज आला नाही. म्हणून जरा थांबलो.

हिरूकाकी, मोरूकाकांच्या घरच्या, मघाशी मला म्हणाल्या, "पाच मिनिटं बोल. फाटे फोडू नको." तळासरीहून येताना टेम्पोत बसून मी सगळं पाठ केलं होतं. टेम्पोत कोंबड्या होत्या. कोंबड्यांसमोर भाषण केलं की त्या मान वाकडी करून ऐकतात, अगदी समजल्यासारखं... हो काकी, येतो मुद्द्यावर.

मोरूकाका मच्छीमार. तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. पण त्यांचा खरा धंदा संसद. पावसाळ्यात आपल्या बोटी वर ओढलेल्या असतात आणि नेमकं तेव्हाच दिल्लीचं पावसाळी अधिवेशन लागतं. मोरूकाका म्हणायचे, "दर्या बंद, संसद चालू. सरकारने आपल्यासाठीच वेळ जुळवलीय." बाकीचे जाळी विणताना गाणी लावायचे. मोरूकाकांनी इथे, त्या खांबाला, टीव्ही बांधला होता, आणि आम्ही सगळे जाळ्याची भोकं शिवता शिवता पुरवणी मागण्यांवरची चर्चा ऐकायचो. कोण खासदार किती वेळ बोलतो हे मोरूकाकांना पाठ. कोण बोलताना पाणी पितो, हेही पाठ.

मग त्यांनी इथेच संसद काढली. आपल्या आळीची. अध्यक्षपदी हिरूकाकी. का? तर मोरूकाकांना "बसा खाली" म्हणण्याची सवय पूर्ण आळीत त्यांनाच होती. बाबूशेठ विरोधी पक्ष, कारण त्यांच्या दोन बोटी. आणि अर्थमंत्री मी.

मी म्हटलं, "काका, मला? मी गावात असतो तरी कधी?"

म्हणाले, "म्हणूनच. अर्थमंत्र्याला लोक शिव्या देतात. तू समोर नसलास की त्यांना मोकळेपणाने देता येतात. शिवाय तुझ्याकडे स्वतःचं काहीच नाही. संशयाला जागाच नाही!"

खरंच नव्हतं. कधी सरावलीत केटररकडे, कधी कैनाडला चिकू उतरवायला, कधी वेवजीत वर्कशॉपमध्ये. वेवजीवरून आठवलं. तिकडून गुजरात हाकेच्या अंतरावर. आमची पोरं पेट्रोल भरायला पलीकडे जायची, कारण तिकडे स्वस्त. मी हे मोरूकाकांना सांगितलं तर ते दुसऱ्या दिवशी एसटी पकडून वेवजीला आले. पेट्रोल भरायला नाही. त्यांच्याकडे गाडी कुठे होती! नुसतं उभं राहून बघायला. इकडचा पंप बघितला, तिकडचा पंप बघितला आणि म्हणाले, "बघ. पेट्रोल तेच. मधे फक्त कर उभा आहे. कर डोळ्यांनी दिसत नाही म्हणतात ना लोक, मला दिसला." आणि चहा पिऊन परत गेले. असा माणूस.

तर मंदी आली. वेवजीचं वर्कशॉप बंद झालं, मी घरी. मासळीला गिऱ्हाईक घटलं. बाबूशेठचा व्यापारी गुजरातेतून फोनवर रोज एकच सांगायचा, "मंदी छे, शेठ, मंदी छे." आणि त्याच महिन्यात पंचायतीची नोटीस लागली. पंचायतीलाही पैसे कमी पडत होते, ते मी मान्य करतो, भाऊ. नोटीस अशी, की पाणीपट्टी वाढणार, प्रत्येक घराला सारखी. आणि खर्च वाचवायला आळ्यांतले सार्वजनिक नळ बंद. ज्याला पाणी हवं त्याने घरात कनेक्शन घ्यायचं.

खालच्या आळीत अशी नऊ-दहा घरं आहेत ज्यांचं सगळं पाणी त्या एका नळावर चालतं. जमनीमावशी त्यातल्या. बोंबील सुकवतात, डोक्यावर टोपली घेऊन बाजारात विकतात. त्या समोरच बसल्यात. मावशी, हात वर नका करू, सगळे ओळखतात.

शेडमध्ये अधिवेशन भरलं. बाबूशेठ उठले आणि म्हणाले, "नळ एक, पाणी एक, मग पट्टी पण एक. बराबर ने?"

जमनीमावशी म्हणाल्या, "बाबू, तुझ्या दोन बोटी धुवायला जेवढं पाणी जातं ना, तेवढ्यात माझं लगीन लागलं असतं आणि वऱ्हाडाची आंघोळपण झाली असती."

हिरूकाकी ओरडल्या, "मावशी, अध्यक्षांकडे बघून बोला!"

मग मोरूकाका उठले. आवाज चढवला नाही. त्यांनी नुसतं विचारलं, "सन्माननीय बाबूशेठ, तुमच्या बोटीवर मासळीचे वाटे कसे पडतात?"

"हे काय विचारणं झालं? खर्च काढायचा. मग बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, बोट हाकणाऱ्या तांडेलाचा, बाकी खलाशांना माणशी एकेक."

"आणि दर्याने मासळी दिलीच नाही तर?"

"तर बोटीचा वाटा मी अर्धा सोडतो."

"का सोडता? तुम्ही काय साधू आहात?"

"अरे, खलाशाच्या घरी चूल पेटली नाही तर दुसऱ्या दिवशी बोटीवर चढेल कोण? तू?"

मोरूकाका म्हणाले, "मग गावाची पण एक बोटच आहे, बाबूशेठ. मंदीत खलाशाचा वाटा पहिला कापायचा नसतो. हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला. मी बावीस वर्षं तुमच्याच बोटीवर होतो."

बाबूशेठ बराच वेळ सुई जाळ्यात घालत राहिले, भोक नव्हतं तिथेसुद्धा. मग म्हणाले, "बरं. बोटवाल्यांनी बोटीचा वाटा भरावा. पण मला हरवलंस असं बाहेर सांगू नको." ठराव मंजूर. ज्याच्याकडे बोट, गाळा, दुमजली घर, त्याला जास्त पट्टी. ज्याच्याकडे फक्त हात, त्याला कमी. आणि नळ चालू.

मंडळी, मी दिल्लीतली चर्चा इतकी ऐकली, पण असा माणूस पक्ष बदलताना बघितला नाही. तोसुद्धा फुकट.

पुढचं सांगायला मला लाज वाटते. पण काकींनी परवानगी दिलीय. म्हणाल्या, "ते सांगच. त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं."

हाच ठराव घेऊन आम्ही खऱ्या ग्रामसभेला गेलो. आमच्याकडे माणसं होती. सभागृहातली अर्ध्याहून जास्त आमची. नुसते हात वर केले असते तर काम झालं असतं. सरपंचभाऊ एवढंच म्हणाले, "तुमचा विषय शेवटी घेऊ, थोडं थांबा." झालं. मोरूकाकांच्या आत टीव्ही चालू झाला. ताडकन उठले. "हा लोकांचा अपमान आहे! आम्ही सभात्याग करतो!"

आणि निघाले. त्यांच्या मागे आम्ही सगळे. काय थाट होता! बाबूशेठने तर दारात वळून "निषेध, निषेध" पण केलं. कोणाच्या चपला कोणी घातल्या हे आजपर्यंत ठरलेलं नाही. आम्ही समोरच्या टपरीवर गेलो, चहा सांगितला, भजी सांगितली, एकमेकांच्या पाठी थोपटल्या. मोरूकाका म्हणाले, "आता त्यांना समजलं असेल."

आत त्यांना एवढंच समजलं की कोरम नाही. सभा तहकूब. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा बसली की तिला कोरम लागत नाही, हे ग्रामसेवकांना माहीत होतं. दिल्लीची सगळी कलमं पाठ असलेल्या मोरूकाकांना हे एवढं माहीत नव्हतं. अर्ध्या तासाने सभा पुन्हा बसली. आत उरले होते ते बसले. त्यातले दोघे पंख्यासाठी बसले होते. सगळ्या घरांना सारखी पट्टी, मंजूर. नळ बंद, मंजूर. आमची भजी अजून संपायची होती.

विरोधात एक हात वर होता. जमनीमावशींचा.

त्या टपरीवर आल्या. मी विचारलं, "मावशी, तुम्ही आत कशा राहिलात?"

म्हणाल्या, "गुडघ्याने उठायला वेळ लागतो रे. मी उठेपर्यंत तुम्ही निघून पण गेलात. मग म्हटलं, बसलेच आहे तर बसते." आणि मग मोरूकाकांकडे वळून म्हणाल्या, अगदी हळू, "मोरू, टीव्हीतली माणसं उठून जातात, कारण त्यांच्या घरी नळ असतो."

मोरूकाकांनी भज्याची बशी बाजूला सारली. संध्याकाळी हिरूकाकींनी मुद्दाम बातम्या लावल्या, तर त्यांनी उठून टीव्हीच बंद केला. मला भीती वाटली, खरंच.

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर फिरले. दारात उभे राहून पहिलं वाक्य, "चूक माझी आहे." दुसरं वाक्य, "इथे सही करा." पुन्हा ग्रामसभा बोलवायचा अर्ज होता. बाबूशेठकडेही गेले. बाबूशेठ म्हणाले, "मी पण निषेध केला होता. अर्धी चूक माझ्या नावावर लिही." सह्या झाल्या. सरपंचभाऊंनी तारीख दिली आणि तोवर नळाला हात लावणार नाही असं कबूल केलं. कबूल केलं आणि पाळलं, हेही सांगायला पाहिजे. ती तारीख या शुक्रवारची. सकाळी अकरा.

आणि शुक्रवारसाठी मोरूकाका तालीम करत होते, हे तुम्हाला माहीत नसेल. भाषणाची नाही. बसण्याची! रोज संध्याकाळी लाकडी खुर्चीत बसायचे आणि काकींना सांगायचे, "मला डिवच." काकी म्हणायच्या, "तुमचा विषय पुढच्या महिन्यात घेऊ." ते अर्धे उठायचे. काकी ओरडायच्या, "बसा!" ते बसायचे. काकी म्हणायच्या, "तुम्हाला काय कळतं?" ते खुर्चीचे हात घट्ट धरायचे. शेवटी शेवटी एक तास बसायला लागले होते. काकी सांगत होत्या, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस एवढं गप्प ऐकतो हे त्या पंधरा दिवसांतच बघितलं.

पंधराव्या दिवशी छातीत दुखलं. डहाणूच्या दवाखान्यात पोचेपर्यंत...

एक मिनिट हं.

मंडळी, शुक्रवारी ठराव जमनीमावशी मांडणार आहेत. मी कागद वाचून दाखवणार आहे. मला उद्या सकाळी वापीला कामावर बोलावलं होतं. मी सोमवारी येतो म्हणून कळवलं. ते म्हणाले सोमवारी गरज नाही. असो.

तिथे आपला विषय शेवटी येईल. लाइट जाईल. कोणीतरी म्हणेल की खालच्या आळीला काय कळतं. बाबूशेठ, तुम्हाला कोणीतरी मुद्दाम डिवचेल, तुम्ही लगेच पेटता. सरपंचभाऊ, हे तुमच्यासमोरच सांगतोय, लपवायचं काही नाही. तुम्हालाही पंचायत चालवायचीय. आम्हाला पाणी भरायचंय. दोन्ही होऊ शकतं, फक्त तेवढा वेळ सगळ्यांनी आत राहायला पाहिजे.

श्रद्धांजली उभं राहून वाहायची पद्धत आहे. मला माहीत आहे. काही जणांनी उठायला सुरुवातही केलीय. नका उठू. काकींना विचारलंय, त्या हो म्हणाल्यात. दोन मिनिटं, आहात तिथे, क्रेटवर, दोरखंडावर, जमिनीवर, बसून राहा. पायाला मुंग्या आल्या तरी. फोन वाजला तरी.

मोरूकाका, तुम्हाला सगळ्यांचा नमस्कार. सभागृह भरलेलं आहे. कोणीही उठलेलं नाही.