घरात हवा नाही अन् हे हवा मोजून राहिले

...आता तुम्हीच सांगा, मे महिन्यात नागपुरात कूलर बंद ठेवते का कोणी? आमच्या घरी ठेवतात. काहून? तर आमचे भाडेकरू, पुण्याचे प्रोफेसर कृष्णकांत, गच्चीवर अँटेना लावून हवा मोजून राहिले. इथली नाही जी, पार आभाळाच्या वरची! समुद्रातल्या जहाजांले रस्ता सांगणारा उपग्रह आहे म्हणे, तो आमच्या प्रताप नगरावरून जाते. आता प्रताप नगरात कोणतं जहाज येऊन राहिलं? तर त्याचा आवाज वरच्या हवेतून येता येता बदलते, अन् किती बदलला त्यावरून हे हवा ओळखतात. पण खाली कूलरची मोटर चालू असली, की यंत्रात नुसती खरखर. मग जिन्यावरून गोड आवाज, "चंपतराव, उपग्रह येतोय, जरा कूलर बंद करता का?" करतो बाप्पा. बनियान पिळून निघते. घरात हवा नाही, अन् हे हवा मोजून राहिले!

तुम्हाले सांगतो, मागच्या उन्हाळ्यात आमच्या गोपिकेले पाहायले उमरेडचे रुपराव आले, बायको-पोरासंग. पोरगा कोळशाच्या खाणीत इंजिनियर. असं स्थळ पुन्हा कुठं भेटते? मी कूलरले वाळ्याची नवीन खस लावली. रुपराव डोळे मिटून म्हणतात, "वा, काय गारवा आहे जी." अन् तेवढ्यात जिन्यावरून... "चंपतराव!"

मी ऐकलंच नाही. पण गोपिका पोहे देता देता उठली अन् बटन बंद करून आली. बापाचं ऐकत नाही, उपग्रहाचं ऐकते!

रुपरावांचा घाम पोह्यात पडून राहिला. "काहून जी, कूलर खराब आहे का?" मी म्हटलं, "लाईट गेली." अन् डोक्यावर पंखा गरगर फिरून राहिला. आमच्या मंडळीनं, मनकर्णानं, कपाळाले हात लावला. गेलं स्थळ! घरात हवा नाही, अन् हे...

गोपिका म्हणते, "बाबा खोटं बोलून राहिले. वर उपग्रह आला आहे." अन् तिनं सारं समजावून सांगितलं. पोरगा ताडकन उठला, "मले ऐकू येईल काय?" गेले दोघं गच्चीवर, भर उन्हात. उतरले ते लालबुंद, अन् हासून राहिले. पोरगा बापाले म्हणते, "मले पोरगी पसंत आहे." गोपिका म्हणते, "मले बी."

लग्न झालं, वरातीत मी नाचलो बी. आता जावई दर रविवारी गोपिकेसंग उमरेडच्या एस.टी.नं येतात, मले नमस्कार करतात, कूलर बंद करतात, अन् बायकोले घेऊन गच्चीवर जातात. घरात हवा नाही, अन् तिघं हवा मोजून राहिले!

भाडेकरूले म्हणता येते जी, खोली खाली करा... जावयाले कोणत्या तोंडानं म्हणू?